घरातल्या युक्त्या: कुठल्या चालतात, कुठल्या नुसत्या दिसायला छान – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिडिओत दाखवतात त्या युक्त्या खरंच चालतात का?

काही चालतात, बऱ्याच नाहीत. ओळखायचं कसं? ‘असं का होतं?’ एवढाच प्रश्न विचारायचा. चांगल्या युक्तीला साधं कारण असतं: धातू तापला की फुगतो, आम्लात क्षार विरघळतो, हवा खेळती असली की पाणी लवकर उडतं. कारण सांगता येत नसेल आणि ‘करून तर बघा’ एवढंच उत्तर मिळत असेल, तर तिथे वेळ घालवू नका.

दुसरी परीक्षा वेळेची. भेंडी चिरायला तीन रबर, एक चिमटा आणि बाटलीचं झाकण लागत असेल, तर ती युक्ती कॅमेऱ्यासाठी आहे. भेंडी सुरीने चिरा.

सिंक तुंबलं की बेकिंग सोडा आणि व्हिनेगर ओतावं का?

फेस छान येतो, पण काम फारसं होत नाही. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. एकत्र आले की दोघांचाही जोर संपतो. फेस असतो कार्बन डायऑक्साइडचा, आणि नळीत उरतं सोडियम ॲसिटेट विरघळलेलं पाणी, ज्याचा साफसफाईला उपयोग नाही. वेगवेगळे वापरले तर दोघेही कामाचे: करपलेल्या, तेलकट भांड्याला सोडा आणि पांढऱ्या क्षाराला व्हिनेगर.

सिंक तुंबण्याचं खरं कारण बहुतेक वेळा थिजलेलं तेल-तूप आणि त्यात अडकलेली भाताची शितं हे असतं. भांडी घासायचं लिक्विड ओतून वर कडकडीत नव्हे, पण चांगलं गरम पाणी सोडा. उकळतं पाणी नको, प्लास्टिकची नळी मऊ पडते. त्याने नाही भागलं तर रबरी पंप. तरीही नाही, तर सिंकखाली बाटलीसारखा जो भाग असतो त्याच्याखाली बादली ठेवून तो हाताने फिरवून उघडा. दृश्य सुखद नसतं, पण प्लंबरही येऊन बहुधा पहिलं तेच करतो.

नळ, शॉवर आणि बादल्यांवरचे पांढरे डाग कशाने जातात?

हे बोअरच्या पाण्यातले क्षार. घासून हात दुखतात, डाग तसाच राहतो, कारण तो मळ नाही, दगडाचा पातळ थर आहे. त्याला आम्लच लागतं. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व स्वस्त पडतं. एक चमचा लिंबूसत्व पेलाभर कोमट पाण्यात विरघळवा, त्यात फडकं भिजवून नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने पुसून धुऊन टाका. शॉवरची जाळी प्लास्टिकच्या पिशवीत हे पाणी भरून, पिशवी रबराने बांधून भिजत ठेवता येते. पाणी तापवायच्या केटलीतला थरही असाच सुटतो.

आता दोन गोष्टी, आणि त्या युक्तीपेक्षा महत्त्वाच्या आहेत.

पहिली: शहाबादी फरशी, कडप्पा, कोटा आणि संगमरवर यांवर लिंबू, व्हिनेगर, लिंबूसत्व काहीही लावू नका. हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. आम्लाने डागाबरोबर दगडही विरघळतो, चकाकी जाते आणि ती पॉलिशवाल्याला बोलावल्याशिवाय परत येत नाही. ग्रॅनाइटचा ओटा असेल तर एवढी भीती नाही. जुन्या घरांत कडप्पाचे ओटे अजून खूप आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

दुसरी: संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद, छोट्या बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. ‘दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ होतं’ ही समजूत घरात काम करणाऱ्या मावशींपासून आपल्यापर्यंत सगळ्यांच्यात आहे; कुणी तसं करताना दिसलं तर थांबवा.

वरणाला किती शिट्ट्या द्यायच्या? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

सांगणारच, कारण शिट्टी हे वेळेचं मापच नाही. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या पाच मिनिटांत होतात, बारीक आचेवर एकीलाच तेवढा वेळ लागतो.

कुकरमध्ये घडतं ते असं: दाब वाढतो म्हणून पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळतं आणि डाळ लवकर शिजते. दाब पूर्ण भरला की आच मोठी ठेवून आतलं तापमान आणखी वाढत नाही. जास्तीची उष्णता वाफ होऊन शिट्टीतून बाहेर पडते. म्हणजे पहिल्या शिट्टीनंतरची मोठी आच म्हणजे स्वयंपाकघर तापवायला जाळलेला गॅस. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि घड्याळ लावा. अर्धा तास भिजवलेल्या तूरडाळीला साधारण आठ-दहा मिनिटं पुरतात. मग गॅस बंद करून कुकर आपोआप पडू द्या, कारण तो पडेपर्यंतही आत शिजणं चालूच असतं. घाईने शिट्टी उचलून वाफ काढली तर हा फुकटचा वेळ जातो, शिवाय वरण झाकणातून बाहेर येतं ते वेगळंच.

फेस वर येऊन शिट्टीतून पिवळं पाणी उडत असेल तर डाळीत अर्धा चमचा तेल घाला. तेलाने फेस मोडतो. हळद-हिंग त्याबरोबर घालायची पद्धत आहेच.

आणि डाळ शिजतच नसेल तर? तीन संशयित आहेत. डाळ फार जुनी असेल. पाणी बोअरचं, जड असेल. त्यातल्या कॅल्शियममुळे डाळ कडक राहते, म्हणून शिजवायला पिण्याचं पाणी घ्या. किंवा चिंच, आमसूल, टोमॅटो आधीच घातलेला असेल. आंबट पदार्थांनी डाळी-कडधान्यं शिजायला वेळ लागतो, तेव्हा आंबट नेहमी शिजल्यावर. आमटीत आमसूल उशिरा पडतं त्यामागे हेही कारण आहे.

सिलिंडरमध्ये किती गॅस उरलाय, हे कसं कळणार?

ओल्या फडक्याची युक्ती खरी आहे. सिलिंडर वरपासून खालपर्यंत ओल्या फडक्याने पुसा आणि काही मिनिटं थांबा. वरचा भाग आधी वाळतो, खालचा ओला राहतो. जिथे ही रेघ दिसते, तिथपर्यंत द्रवरूप गॅस आहे. द्रव उष्णता शोषून घेतो म्हणून तिथला पत्रा थंड राहतो आणि पाणी सावकाश उडतं. दमट पावसाळ्यात रेघ नीट दिसत नाही, हे मात्र खरं.

अचूक उत्तर हवं असेल तर वजन. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या वरच्या कड्यापाशी लिहिलेलं असतं. सिलिंडर येतो तेव्हा डिलिव्हरीवाल्याकडे काटा असतो. तिथेच दोन्हींची बेरीज करून पाहायची.

याहून सोपी रीत आपल्या भिंतीवर लटकलेली आहे. १९७३ पासून निघत असलेलं ‘कालनिर्णय’ पंचांगासाठी जितकं घेतलं जातं, तितकंच दूध, पेपर आणि सिलिंडरच्या नोंदींसाठी. सिलिंडर लावला त्या तारखेला ‘गॅस’ असं लिहा. तीन-चार सिलिंडर झाले की आपल्या घरी किती दिवस पुरतो हे कळतं, आणि आठवडाभर आधी नंबर लावता येतो.

गॅस संपत आला की सिलिंडर आडवा करून किंवा हलवून शेवटचा चहा उरकणारे अजून आहेत. करू नका. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये येऊ शकतो.

नवा सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्ष असतं, तेही बघा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, आणि असंच पुढे. त्या तिमाहीपर्यंत सिलिंडरची चाचणी पुन्हा व्हायला हवी. ती वेळ उलटून गेली असेल तर तो सिलिंडर घेऊ नका, बदलून मागा. केशरी सुरक्षा नळी दर ५ वर्षांनी बदला. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेचं एकही बटण दाबायचं नाही, आणि घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन.

कोथिंबीर दोन दिवसांत काळी पडते. काय करू?

धुऊन ठेवू नका, एवढंच निम्मं उत्तर. मंडईतून आणली की जुडी सोडा, पिवळी-काळी पानं काढा, मुळं कापा, कोरड्या सुती फडक्यात किंवा कागदात गुंडाळा आणि डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. फडकं ओलसर झालं की बदला. लागेल तेवढीच धुवायची.

मिरच्यांचे देठ काढून ठेवा. सडायला सुरुवात बहुतेक तिथूनच होते. खवलेला नारळ आणि कढीपत्ता फ्रीझरमध्ये उत्तम राहतात. आलं-लसणाचं वाटण तेल-मीठ घालून केलं तरी फ्रिजमध्येच ठेवा. तेलात बुडवलेला लसूण बाहेर ठेवला तर हवा न लागल्याने त्यात घातक जंतू वाढू शकतात, आणि ते वासावरून कळत नाहीत.

बटाटे फ्रिजमध्ये नको, थंडीने त्यांतल्या स्टार्चची साखर होते, भाजी गोडसर लागते आणि काचऱ्या तळताना लवकर काळ्या पडतात. कांदे-बटाटे एका टोपलीतही नको.

रव्यात, पिठात किडे होतात. तमालपत्र, लवंगा ठेवल्या तर?

वासाने थोडा फरक पडत असेल, पण आत आधीच अंडी असतील तर तमालपत्र काय करणार? सोंडे धान्याच्या दाण्याच्या आतच अंडी घालतात. डबा कितीही घट्ट असला तरी किडे होतात, कारण ते बाहेरून ‘येत’ नाहीत, बऱ्याचदा दुकानातूनच सोबत आलेले असतात.

खात्रीचा उपाय म्हणजे फ्रीझर. रवा, मैदा, बेसन, दलिया आणला की पिशवीसकट चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. पिशवी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं. फ्रीझरमध्ये जागा नसेल तर रवा कोरडा भाजून ठेवायची आपली जुनी पद्धत तेच काम करते, आणि सकाळी उपम्याची पाच मिनिटंही वाचवते.

वर्षाचे गहू भरत असाल तर कडक ऊन आणि एरंडेलाचा हात, हे अजूनही चांगलं. तांदूळ मात्र भर उन्हात घालू नका, दाण्याला चिरा पडून कण्या होतात. तिखटाच्या बरणीत हिंगाचे खडे ठेवतात, ते ठेवा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बरणीत ओला चमचा न घालणं.

पिशवीचं दूध उकळायलाच हवं का? आणि उतू जाऊ नये म्हणून काय?

पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ लिहिलेलं दूध डेअरीत ७२ अंशांना १५ सेकंद तापवून लगेच थंड केलेलं असतं. ते सलग थंड राहिलं असेल तर नुसतं कोमट करून प्यायलं तरी चालतं. अडचण ‘सलग थंड’ या दोन शब्दांत आहे. पहाटे साडेपाचला दाराच्या कडीला अडकवलेली पिशवी साडेसातला आत येत असेल, तर एक उकळी द्या. गवळ्याचं सुटं दूध मात्र नेहमीच उकळायचं.

भांड्याच्या तळाला आधी थोडं पाणी फिरवून मग दूध ओतलं की ते कमी लागतं. पातेल्यावर आडवा लाकडी चमचा ठेवला की बुडबुडे फुटतात, पण थोडाच वेळ. तो ठेवून अंघोळीला गेलात तर दूध जाणारच. मोठं पातेलं आणि मध्यम आच याला पर्याय नाही.

हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो. कपडा वाया गेला का?

नाही. हळदीतलं करक्युमिन अल्कलीत लाल होतं आणि साबण अल्कली असतो. भरपूर पाण्यात खळबळलं की डाग पुन्हा पिवळा होईल. आता घासत बसू नका. ओला कपडा थेट उन्हात टाका. करक्युमिनला ऊन सोसत नाही. एक-दोन दिवसांच्या कडक उन्हात डाग फिका पडत नाहीसा होतो. हे काम ऊन जितकं छान करतं, तितकं कुठलंही महागडं द्रावण करत नाही. फक्त रंगीत कपडा असेल तर डागाजवळचा रंगही उडू शकतो, तेव्हा लक्ष ठेवा.

तेलाच्या डागावर आधी बेसन किंवा टाल्कम पावडर दाबून ठेवा, मग भांड्यांचं लिक्विड लावून धुवा. रक्ताचा डाग थंड पाण्यात. गरम पाण्याने तो पक्का होतो.

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, कुबट वास येतो.

वास ओलीचा नाही, ओल्या कपड्यात वाढणाऱ्या जंतूंचा असतो. म्हणून सगळी धडपड कपडे लवकर वाळवण्यासाठी करायची. सुगंधी द्रव्य ओतून वास नुसता झाकला जातो.

मशीनमधून कपडे काढायच्या आधी स्पिन आणखी एकदा फिरवा. विजेच्या खर्चाच्या मानाने फायदा मोठा आहे. दोरीवर कपडे दाटीने घालू नका, शर्ट हँगरवर, पँट उलटी करून खिसे बाहेर काढून. मग खोलीचं दार लावून घेण्याऐवजी खिडकी थोडी उघडी ठेवा आणि टेबलफॅन थेट कपड्यांवर सोडा. वाऱ्याने कपड्याभोवतीची दमट हवा हटत राहते, म्हणून छताच्या पंख्यापेक्षा समोरचा पंखा चांगला. शेवटची ओल इस्त्रीने काढा. कोकणात आषाढात एवढं करूनही जीन्स दोन दिवस घेणारच. त्या महिन्यात जीन्स कमी वापरा हा त्यावरचा खरा सल्ला.

पावडर जास्त घातली की कपडे जास्त स्वच्छ निघतात असं नाही. न विसळलेली पावडर कपड्यात राहते आणि वास वाढतो. धुणं झाल्यावर मशीनचं दार उघडं ठेवा, पुढून उघडणारं असेल तर रबराच्या घडीतलं पाणी पुसा.

चांदीची भांडी टूथपेस्टने घासावीत का?

नको, ओरखडे उठतात. पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल घाला, त्यावर चांदीची वस्तू फॉइलला टेकेल अशी ठेवा, चमचाभर बेकिंग सोडा आणि थोडं मीठ टाकून उकळतं पाणी ओता. चांदीवरचा काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. त्यातलं गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागच्या जागी राहते. घासल्याने चांदी झिजते, इथे ती झिजत नाही. अंड्यासारखा किंचित वास आला तर घाबरू नका, काम चाललंय एवढाच त्याचा अर्थ. निरांजनं, समया, वाट्या यांना हे उत्तम. खडे बसवलेले दागिने, मीनाकाम आणि मुद्दाम काळपट ठेवलेली ऑक्सिडाइज्ड चांदी यांना मात्र हे करू नका.

तांब्या-पितळेला चिंच आणि मीठ. धुतल्यावर लगेच कोरडं पुसा, नाहीतर संध्याकाळपर्यंत डाग परत.

हात भाजला तर टूथपेस्ट, हळद की बर्फ?

यांतलं काहीही नाही. वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं. घड्याळ लावूनच, कारण दोन मिनिटांनी बरं वाटतं आणि आपण हात काढतो, पण आतली उष्णता तशीच असते. अंगठी, बांगड्या लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. नंतर स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाका. टूथपेस्ट आणि हळदीमुळे डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही, हा लेप काढताना त्रास होतो तो निराळाच. चेहरा, सांधे किंवा तळहाताहून मोठी जागा भाजली असेल, किंवा लहान मूल असेल तर थेट दवाखाना. रुग्णवाहिकेसाठी १०८.

फोन पाण्यात पडला. तांदळात ठेवू?

नको. तांदूळ उघड्या हवेपेक्षा फार जास्त काही शोषत नाही, आणि त्याची पूड फोनच्या भोकांत जाते. आयफोन तांदळात ठेवू नका, असं ॲपलनेच सांगून ठेवलंय. फोन बंद करा, चार्जिंगचं तोंड खाली धरून हलके टपला मारा, पंख्यासमोर उभा ठेवा. चार्जरला लावायची घाई करू नका, नुकसान बहुतेक त्यानेच होतं.

कागदपत्रं ऐनवेळी सापडत नाहीत. फोनवर ठेवलेली चालतात का?

डिजिलॉकरमधली चालतात, गॅलरीतला फोटो चालेलच असं नाही. डिजिलॉकर २०१५ मध्ये सुरू झालं. सरकारी खात्याने थेट त्यात दिलेली कागदपत्रं, म्हणजे वाहन परवाना, गाडीचं आरसी बुक, गुणपत्रिका, नियमांनुसार मूळ प्रतीइतकीच ग्राह्य आहेत. तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेल्या कागदाला तो दर्जा नाही. हा फरक नाक्यावर पोलिसांशी वाद घालण्याआधी माहीत असलेला बरा.

हॉटेलात किंवा लॉजवर आधार मागतात तेव्हा शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड’ आधार द्या. ते आधारच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: तारीख आणि कशासाठी दिली ते.

यूपीआयचं एकच लक्षात ठेवा, आणि घरातल्या आजी-आजोबांनाही सांगा: पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी टाकायला सांगत असेल तर तो पैसे काढून घेतोय. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० ला फोन.

वीजबिल कमी करायची एखादी सोपी युक्ती?

चार्जर काढून ठेवण्याने जे वाचतं ते नगण्य. मोठ्या गोष्टींकडे बघा. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॅटच्या आसपास. रोज १५ तास चालत असेल तर महिन्याला एका पंख्यामागे २० युनिट वाचतात. २ किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. तो सकाळभर चालू ठेवू नका. एसी २४-२६ वर आणि सोबत पंखा.

‘१०० युनिटच्या वर गेलं की सगळंच बिल महाग होतं’ ही समजूत चुकीची आहे. महावितरणचा वरच्या टप्प्याचा दर फक्त १०० च्या पुढच्या युनिटांना लागतो. तेव्हा महिनाअखेरीला १०१ व्या युनिटाच्या धास्तीने पंखा बंद करून घामाघूम होऊ नका.

सकाळी डबे करताना तारांबळ उडते. कसं आवरायचं?

सकाळचं काम सकाळी कमी होत नाही, रात्रीच होतं. भाजी चिरून ठेवणं हे सगळे सांगतात. त्याहून जास्त वेळ खातं ते ‘आज काय करायचं’ हे ठरवणं, आणि त्याचा उपाय फुकट आहे. रविवारी पाच दिवसांच्या पाच भाज्या कागदावर लिहा आणि फ्रिजवर लावा. बुधवारी फ्लॉवर म्हणजे फ्लॉवर. कुणाला पसंत नसेल त्याने रविवारी बोलावं.

रात्री कणीक भिजवून ठेवायची असेल तर वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये. हवा लागली की ती काळपट होते. पोळ्या लाटायच्या आधी पंधरा मिनिटं बाहेर काढा.

डबे, बाटल्या, रुमाल, किल्ल्या यांची जागा दाराजवळ एकच. घरात चार डबे सारखे असतील तर झाकणावर रंगाची खूण करा. मुंबईचे डबेवाले १८९० पासून डबे पोचवताहेत आणि झाकणावरच्या खुणांवरच त्यांचं सगळं चालतं. आपल्याला तर चारच डबे ओळखायचे आहेत.

काम करायला बसलं की दर पाच मिनिटांनी फोनकडे हात जातो.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. उलटा ठेवून, म्यूट करून फारसा फरक पडत नाही. उठून जावं लागलं की पडतो.

पोमोडोरो नावाची पद्धत बऱ्याच जणांना लागू पडते. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावर वेळ लावून अभ्यास केला, आणि इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात म्हणून हे नाव पडलं. २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं सुट्टी. सुरुवात करणं जड जात असेल त्याला ही पद्धत चांगली. पण लिहिता-वाचताना तंद्री लागलेली असेल आणि घंटा वाजली, तर घंटेकडे दुर्लक्ष करा. ती आपल्यासाठी आहे, आपण तिच्यासाठी नाही.

घरून काम करणाऱ्यांना आणखी एक सांगणं: घरातल्यांना ‘मी कामात आहे’ असं सांगून उपयोग होत नाही, ‘साडेअकराला उठते’ असं सांगितलं की होतो. वेळ कळली की माणसं थांबतात.

मी युक्ती शोधते, घरातलं कुणी पाळत नाही. काय करावं?

मग ती युक्ती अवघड आहे. ‘किल्ली खुंटीला लावा’ हे कुणी पाळत नसेल तर बघा, खुंटी कुठे आहे? आतल्या खोलीत असेल तर कोण जाणार तिथे? लोक किल्ल्या जिथे टाकतात तिथेच खुंटी ठोका. ओल्या-सुक्या कचऱ्याचंही तेच: दोन्ही डबे ओट्याजवळ असले तर वेगळं होतं, सुक्याचा डबा गॅलरीत असेल तर सगळं ओल्यात.

पाच-सात छोटे प्रश्न राहिलेत, पटापट सांगाल?

एकात एक अडकलेले स्टीलचे पेले: आतल्यात बर्फाचं पाणी भरा, बाहेरचा गरम पाण्यात धरा. आतला आकसतो, बाहेरचा फुगतो.

न उघडणारी बरणी: झाकणाच्या कडेखाली चमचा घालून जरा उचका. हवा आत गेल्याचा आवाज आला की झाकण सहज फिरतं.

मीठ पाझरतंय: मीठदाणीत थोडे कोरडे तांदूळ घाला.

कांद्याने डोळ्यांत पाणी: सुरीला धार लावा, कांदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. बोथट सुरीने पेशी जास्त चिरडतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू जास्त सुटतो.

डास: आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा. कूलर, कुंड्यांच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, सगळं ओतून पुसून काढा. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून बाहेर पडून उडायला साधारण आठवडा लागतो, तेव्हा त्याआधी पाणी गेलं पाहिजे.

पैठणी: प्लास्टिकच्या पिशवीतून काढा, मलमलच्या कापडात ठेवा आणि काही महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच विरते.

बॅगेची चेन अडकली: दात्यांवर पेन्सिल घासा. शिशाने ती घसरते. मेणबत्तीनेही होतं, पण पांढऱ्या कपड्याच्या चेनला पेन्सिल नको.